निळ्या ड्रेसची उजवी शिवण

प्रतिज्ञेसाठी उजवा हात पुढे केला आणि मला काहीच टोचलं नाही. पटांगणावर नववी ‘ब’ची रांग, समोर तिरपं ऊन, सगळ्यांचे पांढरे शर्ट, आणि त्यात मी एकटी गडद निळ्या ड्रेसमध्ये, वर पिवळे ठिपके. आमच्या शाळेत वाढदिवसाला रंगीत कपडे चालतात आणि त्या गुरुवारी मला पंधरा पूर्ण झाली होती. ड्रेस मी शिवलेला. मी म्हणजे मी, संजना, जिला दिवाळीपर्यंत सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. उजवा हात खांद्याच्या रेषेत पुढे नेला की काखेखाली चार बोटांवर, आतल्या बाजूने, एक गाठ टोचते हे मला पाठ होतं. रविवारी आरशासमोर तीसेक वेळा हात वर-खाली करून मी ती टोचून घेतली होती. शिवताना तिथे खालचा दोरा गुंतला होता, मी तो कात्रीने सोडवायला गेले तर कापडालाच मुगाएवढं भोक पडलं, मग ते बुजवायला तिथल्या तिथे सात-आठ वेळा पुढे-मागे मशीन चालवलं आणि दोऱ्याचा चिंचोक्याएवढा कडक गोळा झाला. बाहेरून कुणाला दिसायचा नाही. मला मात्र लागायचा, आणि लागला की हसू यायचं. मी त्याचं नाव बंटी ठेवलं होतं. तर बंटी नव्हता. सगळी शाळा एका सुरात बोलत होती आणि मी नुसते ओठ हलवत हात लांबवत होते, अजून थोडा, अजून थोडा, इतका की पुढच्या मुलीच्या वेणीला माझं बोट लागलं आणि तिने मागे वळून डोळे वटारले. काही नाही. तिथे नुसतं मऊ कापड होतं, दुकानातून आणलेल्या ड्रेसमध्ये असतं तसं.

पहिल्या तासाला मी पोट दुखतंय म्हणून बाथरूमला गेले. तिथली कडी लागत नाही, म्हणून एक पाय दाराला लावून मी बाही काढली आणि ड्रेस उलटा करून बघितला. माझी शिवण काळ्या दोऱ्याची होती, कारण निळं रीळ संपलं होतं आणि मला दम निघत नव्हता. ही शिवण निळ्या दोऱ्याची होती. माझी काखेतून निघायची ती आधी आत, कमरेजवळ एकदम बाहेर, मग घाबरून पुन्हा आत. ही पट्टीने ओढल्यासारखी सरळ खाली गेली होती, एकीला लागून दुसरी अशी डबल टीप, कापडाच्या कडा दुमडून आत घेतलेल्या, एक सूत बाहेर नाही. जिथे भोक होतं तिथे आतून त्याच कापडाचा नखाएवढा तुकडा लावलेला, आणि त्यावरचा ठिपका बाहेरच्या ठिपक्यावर बरोबर बसवलेला. ते बघून मला रडू आलं आणि ते रागाचं होतं. मी डावी शिवण बघितली. तीही निळ्या दोऱ्याची. गळा, बाह्या, घेर, सगळं. माझं म्हणून त्या ड्रेसमध्ये काय उरलं होतं, तर कात्रीने कापलेलं कापड. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती. काही मुलांना आईचं अक्षर कुठेही ओळखू येतं, मला आईची टीप ओळखू येते. गिऱ्हाइकाचा ब्लाऊज शिवताना काठावरचा मोर पाठीवर अर्धा कापला जाऊ नये म्हणून तासभर कापड फिरवत बसणारी बाई आहे ती. बुधवारी मी शाळेत असताना तिने माझा अख्खा ड्रेस उसवला होता आणि पुन्हा शिवला होता, इस्त्री करून हँगरला लावला होता आणि सकाळी मला औक्षण करताना एक शब्द बोलली नव्हती. आणि मी गाढव, घालताना मला वाटलं होतं की वाढदिवस आहे म्हणूनच आज हा अंगावर इतका छान बसतोय.

खरं तर आईने मला मशीनवर बसूच द्यायचं नाही असं ठरवलेलं होतं. आमचं घर जेल रोडच्या एका कॉलनीत आहे, पप्पा ऑफिसात क्लार्क आहेत आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली आईचं मशीन. बुद्धपौर्णिमेला विहारात ज्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसतात त्यांतल्या निम्म्या तरी आईच्या हातचे ब्लाऊज घालून बसतात. पण मी मशीनच्या जवळ गेले की ती म्हणायची, तुझं काम पुस्तकात आहे, मी बसते तेवढं पुरे. जणू मशीन हा एक आजार आहे आणि तो एका पिढीत संपवायचाय. दिवाळीच्या सुट्टीत मी ऐकलं नाही. फोनवर व्हिडिओ बघून मी दोरा लावायला शिकले, वरून खाली, हुकात, मग तारेत, मग सुईत. पहिले दोन दिवस मशीनचं चाक उलटंच फिरायचं आणि दोरा तुटायचा. माझे पाय एका मुलीचे होते आणि हात दुसऱ्याच मुलीचे, त्यांचं आपसांत भांडण होतं. आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी अचानक ते भांडण मिटलं. पाय आपोआप हलायला लागले, कापड आपणहून पुढे सरकायला लागलं, आणि माझ्या आतून एक असा आवाज आला की शेजारच्यांनी टीव्ही बारीक करून विचारलं काय झालं. काही झालं नव्हतं. मला येत होतं, एवढंच. तेव्हापासून मी वर्गात हात वर करायला लागले, खरंच. गणिताच्या सरांना मी सांगितलं की तुमचं तिसरं पद चुकलंय, आणि ते चुकलेलं होतं. तर आई म्हणाली, शिवायचंच असेल तर परकर शीव, तो साडीच्या आत जातो. मग फॉल लाव. मग अस्तर. शिकणाऱ्याने सगळं आतलं करायचं, जे कुणाच्या नजरेला पडत नाही ते. मला त्याचाही राग होता पण मी परकर शिवले, तीन, आणि मग मेन रोडवरून माझ्या पैशांनी हे निळं कापड आणलं आणि सांगितलं की मला बाहेरचं शिवायचंय, माझ्या अंगावरचं, आणि तू हात लावायचा नाहीस. ती म्हणाली, नाही लावत. शब्द दिला होता तिने मला.

चौथा तास कार्यानुभवाचा. त्याच्या पल्लवी मॅडम यंदाच नव्या आल्यात, सगळ्यांना नावाने हाक मारतात. कुणीतरी शाळेला दोन शिलाई मशीन भेट दिली होती आणि ती जूनपासून प्लास्टिक पांघरून कोपऱ्यात उभी होती, कारण मुलींत ती चालवता येणारं कुणीच नव्हतं. मी चॉकलेट द्यायला पुढे गेले तेव्हा वर्गातून कुणीतरी ओरडलं की मॅडम, ड्रेस हिने स्वतः शिवलाय. मॅडमनी चॉकलेट बाजूला ठेवलं. मला गोल फिरवलं. मग खाली वाकल्या, माझ्या ड्रेसचा घेर हातात घेतला आणि उलटून बघितला. सगळ्या वर्गासमोर. आतून बघा मुलींनो, त्या म्हणाल्या, कपडा कसा आहे ते आतून कळतं, बघा किती स्वच्छ. मी अशी उभी होते जसं काही दुसऱ्या कुणाचं बक्षीस माझ्या हातात देऊन फोटो काढतायत. तोंड उघडलं असतं तर तिथेच विषय संपला असता. मी उघडलं नाही, हे लिहायला लाज वाटते पण नाही उघडलं. चाळीस जण टाळ्या वाजवत होते आणि टाळ्या कानाला बऱ्या लागतात, चोरीच्या असल्या तरी. मॅडम म्हणाल्या, शनिवारी संजना आपल्याला मशीनवर शिवण घालून दाखवणार, अगदी अशी सरळ.

मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातल्या दिशाला सगळं सांगितलं. दिशाच्या घरची मखमलाबादकडे फुलशेती आहे, तिच्या हातांना कायम झेंडूचा वास असतो आणि तिला कशाचंही काही वाटत नाही. तिने बंटीला हात लावून बघितलेला होता, त्यामुळे तिला निदान पुरावा तरी माहीत होता. पण ती म्हणाली, मग झालं काय त्यात, माझ्या आईने मला कायतरी करून दिलं असतं तर मी तिच्या पाया पडले असते. मी म्हटलं, तुला कळत नाहीये. ती म्हणाली, मला एवढंच कळतंय की तुझा ड्रेस लय भारी दिसतोय आणि तू सुतकात असल्यासारखी चिवडा खातेयस. मग तिने सांगितलं की त्यांच्याकडे ती लहानपणापासून हार ओवते, तिचे पहिले कितीतरी हार एकीकडे जाड एकीकडे बारीक झाले होते आणि ते सगळे बाजारात विकले गेले, गिऱ्हाईक काय हार उलटा करून बघतंय का. ती हसत होती. मी चिवडा तसाच ठेवला, का ते मला तेव्हा कळलं नाही. फक्त असं वाटलं की दिशाचे ते वाकडे हार मला हवेत.

दुपारी घरी आले तर समोरच्या बिल्डिंगमधल्या शकुबाई ब्लाऊज न्यायला आल्या होत्या. म्हणून मला दारातच राग गिळून उभं राहावं लागलं. आई त्यांना ब्लाऊज देत होती, आणि जे ती कायम करते तेच करत होती. तिने ब्लाऊज पूर्ण उलटा केला, मुंड्याची, बाही जोडतात तिथली शिवण बोटांवर ताणून धरली, मग बगलेची, मग हुकपट्टीची. बघा, ती म्हणत होती, आतून पण बघून घ्या. शकुबाई म्हणाल्या, ‘अगं उज्वला, मी काय तपासायला बसलेय का, घाल ना पिशवीत.’ तरी आईने दुसरी बाही उलटी केलीच. हे मी जन्मापासून बघत आलेय. मला वाटायचं हा आईचा तोरा आहे, चित्र काढणारा जशी सही दाखवतो तसा. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्या हातांऐवजी तिचा चेहरा बघितला. तोरा नव्हताच तो. मॉलच्या दारात पहारेकरी काही बोलायच्या आधीच आपण पर्स उघडून पुढे धरतो ना, तसा तो चेहरा होता. विचारायच्या आधीच दाखवून टाकायचं. शकुबाईंनी कधीच काही विचारलं नव्हतं. मग आई हे कुणाला दाखवत होती?

त्या गेल्या आणि मी फुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तू शब्द मोडलास हे म्हटलं, विचारायचं तरी होतंस हे म्हटलं, तुला माझी लाज वाटते का हे दोनदा म्हटलं. आई खाली पडलेल्या टाचण्या वेचत होती. शांतपणे म्हणाली की पहिल्यांदा चारचौघांत घालून चालली होतीस, आतून कुणी बघितलं असतं म्हणजे. मी म्हटलं, माझा ड्रेस उलटा करून कोण बघणार आहे. ती म्हणाली, कुणीही. आणि मग मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, कारण रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं की आज मॅडमनी घेर उलटून बघितला. आई उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही, पण सुटका तरी होती. ‘बघ,’ ती म्हणाली. ‘बघितलं ना.’ मी बरोबर असताना माझ्याकडे उत्तर नसणं ही जगातली सगळ्यात संतापजनक गोष्ट आहे.

मग ती बोलली. टाचण्यांची डबी मांडीवर घेऊन, माझ्याकडे न बघता. ती सतरा वर्षांची असताना सायखेड्याजवळच्या तिच्या गावात तीन महिन्यांचा शिवणक्लास आला होता. वस्तीतून ही एकटी गेली. बाकीच्या बावीस मुली गावातल्या. शिकवणाऱ्या बाई शहरातून यायच्या, आवाज गोड, कधी कुणावर ओरडल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांनी पहिला परकर शिवला. आईच्या शेजारी बसणाऱ्या मुलीने तर दोन कळ्या, म्हणजे परकराच्या उभ्या पट्ट्या, उलट्या जोडल्या होत्या. बाई त्या बघून हसल्या आणि म्हणाल्या, वेडीच आहे, शिकेल हळूहळू. मग त्यांनी आईचा परकर घेतला, दोन बोटांत धरून उलटा केला, एका ठिकाणी शिवण वाकडी गेली होती ती सगळ्यांना दाखवली, आणि त्याच गोड आवाजात म्हणाल्या, ह्यांना कितीही शिकवा. एवढंच. आई म्हणाली, ‘तिचं चुकलं ते तिचं एकटीचं चुकलं. माझं चुकलं ते आपल्या सगळ्यांचं झालं. आज्जीचं, मामाचं, सगळ्या वस्तीचं. एका परकरात.’ तिने तो परकर घरी नेऊन उसवला आणि पुन्हा शिवला, अकरा वेळा, सुईच्या भोकांनी कापड फाटायला आलं तोवर. तीन महिन्यांनी परीक्षा झाली तेव्हा आई पहिली आली.

मी त्या बाईंना कधी बघितलेलं नाही पण मी त्यांना खोलीत उभं केलं आणि मनातल्या मनात इतकं बोलले की त्या दाराबाहेर गेल्या असत्या. पण खरा धक्का पुढेच होता. आई म्हणाली, शेवटच्या दिवशी बाईंनी माझा ब्लाऊज हातात घेतला, आतून-बाहेरून बघितला आणि म्हणाल्या, ही त्यांच्यातली वाटतच नाही. आणि हे सांगताना आईचा आवाज किंचित वर गेला. अगदी किंचित. कपाटात तळाशी ठेवलेली चांगली साडी कुणाला तरी दाखवावी तसं तिने ते वाक्य मला काढून दाखवलं, घडी न मोडता. पंचवीस वर्षं जपलेलं. पहिलं वाक्य ऐकून मला त्या बाईंचा राग आला होता. हे दुसरं ऐकून मला कुणाचा राग आला तेच समजेना. बाईंचा, आईचा, त्या बावीस मुलींचा, माझ्या अंगावरच्या ड्रेसचा. मी म्हटलं, ‘आई, ते कौतुक नव्हतं.’ ती म्हणाली, माहितीय मला. मी म्हटलं, माहीत असतं तर तू ते ठेवलं नसतंस. तिने डबीतल्या टाचण्या बोटाने चाळवल्या. मग मी म्हटलं, ‘ती बाई अजून आपल्या घरात बसलीय. काल तिने माझा ड्रेस उसवला.’ आईने डबीचं झाकण लावलं आणि आत स्वयंपाकघरात गेली. माझ्या वाढदिवसाची शेवयांची खीर मला त्या दिवशी एकटीला बसून खावी लागली. तीही मी खाल्ली. रागात मला भूक लागते.

शुक्रवारी आम्ही दोघी फक्त शनिवारबद्दल बोललो, आणि तेही तुकड्यातुकड्यांनी. आईने आधी सुचवलं की बोटाला पट्टी बांधून जा, म्हणावं कापलं. मी नुसतं बघितलं. मग म्हणाली, बरं, बस, संध्याकाळपर्यंत मी तुला सरळ शिवण येईल असं करते. मी म्हटलं, नको, जशी येते तशी येऊ दे. मी वर्गात सांगणार आहे की ती शिवण आईची होती. तेव्हा आई पहिल्यांदा घाबरली. लाटणं तिच्या हातात तसंच थांबलं. म्हणाली, म्हणजे काय होईल कळतंय का तुला, आधी खोटं बोलली म्हणतील, मग शिवता येत नाही म्हणतील, आणि मग तिसरं जे म्हणतील ते तुझ्या तोंडावर म्हणणार नाहीत. ‘माझं नाव घेऊ नकोस,’ ती म्हणाली. ती माझ्या आईसारखी वाटत नव्हती, माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीसारखी वाटत होती, जिला उभं करून प्रश्न विचारलाय. मला तिची दया यायला हवी होती. आलीही असेल. पण मी पंधरा वर्षांची आहे आणि मला आत्ता कुठे काहीतरी यायला लागलंय, आणि ते वाईट येतंय, आणि ते वाईट येणं माझं आहे. कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी दोन बोटांत परकर धरला म्हणून मी माझं वाईट येणं का सोडून देऊ? दिशाने दिलं नाही सोडून. दिशाचे हार विकले गेले.

शनिवारी मशीनवरचं प्लास्टिक काढलं होतं आणि बाक मागे सरकवून सगळे गोल उभे होते, मुलं मागे, बाकांवर चढलेली. मॅडमनी बाहीचे दोन तुकडे कापून आणले होते, आईच्या भाषेत मुंडा, म्हणजे जिथे शिवणीला वळण घ्यावं लागतं ते. मी दोरा लावला, वरून खाली, हुकात, तारेत, सुईत, एका झटक्यात, आणि मागून कुणीतरी वाह म्हणालं. आवाज पडला नाही, याचा मला अजून अभिमान आहे. मी म्हटलं, ‘मॅडम, गुरुवारच्या ड्रेसची शिवण माझी नव्हती. माझी आईने उसवली आणि तिची घातली. माझ्या आईचं नाव उज्वला, ती जेल रोडला ब्लाऊज शिवते, तिच्यासारखी शिवण माझी येत नाही. माझी कशी येते ते दाखवते.’ वर्गात खसखस पिकली. मॅडमचं तोंड जरा उघडंच राहिलं. मी कुणी काही बोलायच्या आत पाय दाबला. शाळेचं मशीन आमच्या मशीनपेक्षा जड होतं. सरळ भाग कसाबसा गेला, वळणावर कापड माझ्या हातून निसटलं, शिवण बाहेर पळाली, मी ती ओढून आत आणली आणि खालचा दोरा गुंतला. खट खट करून मशीन थांबलं. बाकावरून एक मुलगा म्हणाला की रस्ता खणलाय वाटतं, आणि सगळे हसले. मीही हसले असते. पण मॅडमनी हात पुढे करून तो तुकडा घेतला आणि उलटा केला.

त्या वेळी मला समजलं की आईची भीती मला माहीत आहे. ती मला कुणी शिकवली नव्हती, पण ती माझ्याकडे होती, आधीपासून, रक्तगटासारखी. मॅडमच्या बोटांकडे मी बघत होते. किती बोटांत धरलाय, हे मी मोजत होते. पूर्ण हातात धरला होता. त्यांचे डोळे शिवणीवरून खाली गेले आणि मी ते एक वाक्य येण्याची वाट बघत होते, अनेकवचनातलं. मॅडम म्हणाल्या, ‘असंच येतं सुरुवातीला. वळताना कापड ओढू नकोस. चला, पुढे कोण बसतंय?’ आणि तुकडा टेबलावर टाकला. झालं. इतकंच होतं ते. मला हायसं वाटलं. आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, मला असा संताप आला की मला स्टूलवरून उठताच येईना. हायसं वाटायचं कारणच काय होतं? मी काय सुटले होते? कशातून? पुढे दिशा बसली. तिने चाक उलटं फिरवलं, दोरा तोडला, कापड सुईखाली अडकवून ठेवलं आणि पोट धरून हसली, सगळे हसले, मॅडम हसल्या, आणि त्यातल्या कुणालाही हायसं वगैरे वाटलं नाही. त्यांना फक्त मजा वाटली. मला ती मजा हवी होती. हायसं नको होतं मला, ते घेऊन मी काय करू.

घरी आले तेव्हा साडेबारा वाजले होते. आई पुढच्या खोलीतच होती आणि मशीनवर सकाळचं झाकणाचं कापड तसंच होतं, म्हणजे तिने काहीच शिवलं नव्हतं. चपला काढायच्या आत तिने विचारलं, काय म्हणाल्या मॅडम. मी टेबलावरून उचलून आणलेला तो तुकडा दप्तरातून काढून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, आधी हे बघ. तिने तो घेतला पण बघितला नाही, माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. तिला माझ्या तोंडावरून ते वाचायचं होतं. ‘काय म्हणाल्या ते सांग ना, संजू.’ मी म्हटलं, नाही सांगणार. ती म्हणाली, वाईट म्हणाल्या का. मी म्हटलं, वाईट म्हणाल्या तरी नाही सांगणार आणि चांगलं म्हणाल्या तरी नाही सांगणार. मला माहीत होतं मी काय करतेय. मी सांगितलं असतं की काही वाईट बोलल्या नाहीत, तर तिने ते वाक्य घेतलं असतं आणि त्या दुसऱ्या वाक्याशेजारी घडी करून ठेवलं असतं. आणि मग तिसऱ्याची वाट बघितली असती. मी तिला ते देणार नव्हते. नाही म्हणजे नाही. आईचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, मी विचारलं नाही. मी अजून एका पायात चप्पल घालूनच दारात उभी होते.

मग ती खिडकीपाशी गेली आणि तो तुकडा उजेडात धरला. सवयीने तिचा हात कात्रीकडे गेला. मी त्या हाताकडे बघितलं, तिनेही बघितलं, आणि हात परत आला. तिने शिवण सुलटी बघितली, उलटी बघितली, गुंत्यावर अंगठा फिरवला. ‘खालच्या दोऱ्याची बॉबिन सैल भरली होतीस,’ ती म्हणाली. ‘आणि वळणावर सुई वर असताना कापड फिरवलंस. सुई खाली रुतवायची, मग फिरवायचं.’

‘हे तू मला दिवाळीतच सांगू शकली असतीस,’ मी म्हटलं.

‘हो,’ आई म्हणाली, आणि मशीनवरचं कापड काढून तिने स्टूल माझ्याकडे सरकवलं. स्वतः पलंगावर बसली, तिचा हात पोचणार नाही एवढी लांब. मी बसले. माझा पुढचा मुंडा पहिल्यापेक्षा वाईट आला आणि तिने त्याला हात लावला नाही, पण दोन वेळा विचारलं, सहज विचारल्यासारखं, भाजी निवडता निवडता, की मॅडम नक्की काय म्हणाल्या. मी तिला अजून सांगितलेलं नाही.